‘असू दे’ म्हटलेला ओरखडा

बिसुनदेवला बिसुनदेव म्हणणारी माणसं आमच्या भागात दोनच होती. एक मतदार यादी वाचणारा कारकून आणि दुसरा रामायण मंडळीचा पंडित. बाकी सगळं लौटोका, बेटावरचं आमचं साखर कारखान्याचं शहर, त्याला ओरखडा म्हणायचं. "ओरखड्याकडे जाऊन आलास का?" "ओरखडा आज बाजारात दिसला नाही." असं. त्याच्या बायकोला, सुभागवतीला, मासळीबाजारातल्या बायका ओरखडेवाली म्हणत. ती त्यांना उलट काय म्हणे ते लिहीत नाही, माझ्या नाती हे वाचणार आहेत.

मी चाळीस वर्षं टॅक्सी चालवली. चाळीस वर्षांत माझ्या गाडीला जेवढे ओरखडे आले तेवढ्या माझ्या कपाळाला आठ्या नाहीत, आणि ते जवळजवळ सगळे बिसुनने मिटवले. आमच्याकडे ओरखड्यांना काय तोटा! जून ते नोव्हेंबर उसाच्या लॉऱ्या रस्त्याने चालतात. रस्ता एवढासा, लॉरी एवढी मोठी, आणि दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, विंचरायचं राहून गेलेल्या केसांसारखा. तुम्ही बाजूला दबलात तर नाल्यात जाल, नाही दबलात तर उसाचं कांडं बोनेटपासून डिकीपर्यंत लिहीत जाणार. लॉरीवाला मागे वळून बघतसुद्धा नाही. बघून करणार काय, मागे दिसतो फक्त ऊस.

मग गाडी बिसुनकडे. तो आधी गाडीकडे बघायचाच नाही, ड्रायव्हरकडे बघायचा.

"कुणी मारला?"

"लॉरीने."

"लॉरीचा असा नसतो, भैया. लॉरीचा आडवा जातो. हा खालून वर गेलाय. घरात भांडण झालं का?"

निम्म्या वेळा झालेलंच असायचं.

त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं होतं. ते नख तो ओरखड्यावरून आडवं फिरवायचा, डोळे मिटून. नख अडकलं नाही तर काम सोपं, नुसतं घासून पॉलिश. अडकलं तर रंगापर्यंत गेलंय. खोल अडकलं तर पत्र्यापर्यंत, म्हणजे समुद्राची हवा गंज चढवायच्या आत भरायला हवं. मग साबणाचं पाणी, पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर, तोंडाने चावून मऊ केलेली काडी आणि कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात कालवलेला रंग. ब्रश नाही. "ब्रश लावला की रंग ओरखड्याबाहेर सांडतो," म्हणायचा, "आणि सांडलेला रंग दुसरा ओरखडाच." काडीने थेंब थेंब सोडायचा, आमच्या आया बाळाच्या कानात तेल सोडत तसा. वाळला की पुन्हा पेपर, मग पॉलिश, शेवटी स्वतःच्या जुन्या बनियनने पुसायचं. सुभाग म्हणे, "घालायला एक धड बनियन नाही माणसाला, गाड्या सगळ्या चकचकीत."

शहरातल्या मोठ्या गॅरेजात गेलात तर ते अख्खा दरवाजा रंगवायला सांगत. एका बोटाच्या ओरखड्यासाठी अख्खा दरवाजा! आणि रंगवला की तो दरवाजा नवा आणि बाकीची गाडी जुनी दिसे, मग म्हणत आता शेजारचाही रंगवू. बिसुन वीस डॉलर घेई. नसतील तर दालोचा एक कंद, नाहीतर "पुढच्या वेळी."

त्याची खरी विद्या रंगाची होती. गाडीच्या पाटीवर रंगाचा नंबर असतो, तो नंबर दुकानात दिला की डबा मिळतो. पण तो रंग जपानात गाडी बनली त्या दिवशीचा. दहा वर्षं आमचं ऊन खाल्लेली गाडी त्या रंगाची राहते कुठे? बिसुन ऊन कालवायचा रंगात. एक थेंब पिवळा, अर्धा थेंब काळा, पुन्हा बघायचा, सावलीत एकदा, उन्हात एकदा. आणि कारखान्याच्या चिमणीकडे बघायचा. वारा तिकडून आला की आकाशातून काळी राख पडते, ती ओल्या रंगात बसली की झालं. कारखाना बिघडून बंद पडला की सगळा गाव शिव्या द्यायचा, एकटा बिसुन खूश. म्हणायचा, "भैया, आज रंगाचा दिवस आहे."

एक शाळामास्तर होते. त्यांच्या पांढऱ्या गाडीच्या डिकीवर कुणीतरी खिळ्याने ‘कंजूष’ लिहून ठेवलं. बिसुनने ते असं मिटवलं की मास्तरांनी चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून बघितलं आणि दहाच डॉलर दिले. चार दिवसांनी मास्तर धावत आले. पहाटे दव पडलं की दवात ‘कंजूष’ स्पष्ट उमटतं म्हणाले, सूर्य वर आला की जातं. बिसुन म्हणाला, "मास्तर, निम्म्या पैशांत निम्मा दिवस जातं." मास्तरांनी उरलेले दहा दिले. बिसुनने ती जागा पुन्हा घासून दिली. मला नंतर म्हणाला, पहिल्याच वेळी घाई झाली होती, चूक माझीच होती, पण तोंडाला आलं ते बोललो.

असा हा माणूस. आता त्याच्या जागेचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्या जागेची आहे.

बिसुनच्या बापाचा ऊस होता, भाडेपट्ट्याच्या जमिनीवर. तीस वर्षांचा पट्टा संपला, पुढे मिळाला नाही. घर मोडून पत्रे लॉरीवर टाकले आणि बाहेर पडले. आमच्याकडे असं निम्म्या घरांचं झालंय, त्याचं कुणी रडत बसत नाही. रडून झालेलं असतं. बिसुन तेव्हा चाळीसचा. हातात रंगाची कला, पण बसायला जागा नाही. मी त्याला नाइवी गावात एपेलीकडे नेलं.

एपेली बेटावरच्या मूळ लोकांतला, नाइवीतल्या एका कुळाचा प्रमुख. त्या कुळाची जमीन समुद्राकाठापासून थेट मोठ्या रस्त्यापर्यंत. आमची भाषा तो आमच्यापेक्षा चांगली बोलायचा, शिव्यांसकट. आम्ही नंगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन गेलो, चटईवर मांडी घालून बसलो, मी जुडी त्याच्यापुढे ठेवून बिसुनची अडचण सांगितली. त्याने जुडीवर हात ठेवला. हात ठेवला म्हणजे ऐकलं. मग नंगोना कुटली, पाण्यात कालवली, नारळाच्या करवंटीतून एकेक घोट फिरला, आणि रस्त्याकडेच्या आंब्याखालचा तुकडा बिसुनला मिळाला. कागद नाही, शिक्का नाही. एपेलीच्या शब्दावर. वर्षाला जमेल ते द्यायचं, आणि गावात सुखदुःख असेल तर यायचं.

"माझा शब्द आहे तोवर तू आहेस, तवाले," एपेली म्हणाला. तवाले म्हणजे थट्टा करायचा हक्क असलेला मेव्हणा. त्या दिवसापासून तो बिसुनला तवालेच म्हणायचा आणि भेटला की आधी त्याच्या उंचीवरून बोलायचा. "तवाले, उभा राहून बोल की," म्हणायचा, आणि बिसुन उभाच असायचा.

बावीस वर्षं असं चाललं. त्या तुकड्यावर बिसुनचं घर झालं, पत्र्याची शेड झाली, मुलगी वाढली, लग्न होऊन सिडनीला गेली. मोठ्या गॅरेजवाल्यांनी एकदा बिसुनला नोकरीला बोलावलं, तो गेला नाही. म्हणाला, "इथे माझा आंबा आहे."

एपेलीचा मुलगा विलिकेसा परदेशी फौजेत होता. सुट्टीला आला तेव्हा त्याने बापासाठी एक गाडी घेतली, जपानातून आलेली, गडद निळी, उन्हात जांभळी झाक मारायची. स्वतः परत गेला. एपेलीला गाडी चालवता येत नव्हती. ती त्याच्या घरासमोर उभी असायची. रविवारी पुतण्या चालवत चर्चला न्यायचा, चर्च दोनशे पावलांवर, तरी गाडीतूनच. एपेली संध्याकाळी गाडीजवळ बाकडं टाकून बसायचा. त्याची बायको सेरेआना त्याच वर्षी साखरेच्या आजाराने गेली होती.

त्या गाडीला मागच्या दरवाजावर एक ओरखडा होता. हातभर लांब, मधे वाकडा, शेवटी दोन फाटे. बिसुनच्या तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांत होता. होणारच. न्हाव्याला दुसऱ्याची हजामत दिसते तसं. एकदा तो एपेलीला म्हणालाही होता, "एपेली, तो ओरखडा काढून देतो. फुकट. माझ्या जीवाला बरं वाटेल."

"असू दे," एपेली म्हणाला.

बिसुनने मला सांगितलं, "भिडस्त माणूस आहे, भैया. मी पैसे घेणार नाही म्हणून संकोचतो." मीही म्हणालो, असेल.

आता तो रविवार. गावात रविवारी कुणी काम करत नाही, झाडूसुद्धा मारत नाहीत, सगळे चर्चमध्ये. बिसुनला शेडसाठी एक जुना पत्रा मिळाला होता, गावाच्या पलीकडच्या वस्तीत. रस्त्याने वळसा घालायचा तर ऊन मी म्हणत होतं. सगळे आत गाताहेत, कुणी बघत नाही, म्हणून तो पत्रा डोक्यावर घेऊन गावातून निघाला. आणि गावात शिरताना त्याने काय केलं? पत्रा डोक्यावरून खाली घेतला आणि काखेत धरला. कारण गावात डोक्यावर, खांद्यावर ओझं घेऊन चालत नाहीत, तो गावाचा अपमान होतो. कुणी बघत नव्हतं तरी त्याने मान ठेवला. डोक्यावर असता तर पत्रा गाडीच्या टपावरून गेला असता. काखेत होता म्हणून त्याचा कोपरा चर्चबाहेर उभ्या एपेलीच्या गाडीला लागला आणि पुढच्या दरवाजापासून मागच्या दरवाजापर्यंत घासत गेला.

बिसुनने मला नंतर सांगितलं. "आवाज आला ना भैया, तो मी आयुष्यभर ओळखतो. पण माझ्या हाताने कधी नव्हता आला."

आत भजन चाललं होतं, मग प्रवचन सुरू झालं. नाइवीचे पाद्री लांबण लावणारे. बिसुनने पत्रा तिथेच गवतात टाकला, घरी धावत गेला आणि रंगाची पेटी घेऊन आला. अंगठ्याचं नख फिरवलं. पुढच्या दरवाजावर अडकलं नाही. मागच्या दरवाजावर अडकलं, आणि तिथे त्याचा ओरखडा त्या जुन्या ओरखड्याला कापून गेला होता.

दुसरा कुणी असता तर पळून गेला असता. तिसरा कुणी तिथेच बसून राहिला असता, चर्च सुटेपर्यंत, आणि एपेली बाहेर आल्यावर मान खाली घातली असती. बिसुन कामाला लागला. निळा रंग त्याच्याकडे कालवलेला होता, त्या गाडीचा रंग त्याने मनाशी कधीच जुळवून ठेवला होता. प्रवचन चालू तोवर घासलं, भरलं. ऊन कडक, रंग पटपट वाळला. कारखाना रविवारीही चालू होता पण वारा समुद्राकडून होता, राख नाही. आणि मागच्या दरवाजावर तो थांबला. दोन ओरखडे एकमेकांत गुंतलेले. आपला भरायचा तर आजूबाजूचा सगळा रंग सपाट करायला हवा. मग त्याने जुनाही भरला.

"मी म्हटलं, भैया, एक नुकसान केलंय तर एक भलंही करून ठेवू. फिटंफाट."

शेवटचं भजन सुरू झालं तेव्हा तो गावाबाहेर होता. पुढच्या शनिवारी ‘धुऊन देतो’ म्हणून गाडीजवळ गेला, राहिलेलं पॉलिश करून आला. काम असं उतरलं होतं की त्याला स्वतःलाच जागा सापडेना.

मग तो माझ्याकडे आला. चहा घेतला, कप हातात फिरवत बसला.

"भैया, एक जुडी घेऊन जाऊ का एपेलीकडे? सांगून टाकतो झालं ते."

इथे माझं नाव येतं, आणि मी ते गाळणार नाही. मी म्हणालो, "वेडा आहेस का? ओरखडा दिसत नाही, तर माफी कशाची मागणार? आधी दाखवायला तर हवं काहीतरी."

"पण रविवारी काम केलं. गावात."

"कुणी बघितलं?"

"कुणी नाही."

"मग? तुझी जागा त्याच्या शब्दावर आहे, बिसुन. जाऊन त्याला राग आणायचा कशाला? झाकलंय ते झाकलेलं राहू दे."

मी त्याच्याहून चार वर्षांनी मोठा. बावीस वर्षांपूर्वी त्याची जुडी मीच मांडली होती. तो माझं ऐकायचा. ऐकलं.

एपेलीला कधी कळलं ते मला नंतर कळलं. त्या रविवारीच, संध्याकाळी. तो रोजच्यासारखा बाकड्यावर बसला आणि मागे न बघता दरवाजावर हात टाकला, अंगठा फिरवायला. तिथे काही नव्हतं.

तो ओरखडा सेरेआनाचा होता. गाडी आली त्या दिवशी ती खाडीतून खेकडे घेऊन येत होती, लोखंडी आकडा हातात तसाच, आणि मुलगा गाडीतून उतरताना दिसला तशी धावत सुटली. मिठी मारताना आकडा दरवाजावरून ओढला गेला. विलिकेसा ओरडला, मग सगळे हसले, सगळ्यात जास्त ती हसली. चार महिन्यांनी गेली. फोटो म्हणाल तर तिचा एकच होता, लग्नाचा, त्यात तोंड अर्धं छत्रीत.

हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. रस्त्याकडेच्या आम्हाला कुणालाच नाही. आम्ही कधी विचारलं नाही.

लौटोकात असा ओरखडा काढू शकणारा माणूस एकच, हे एपेलीलाही ठाऊक होतं. तरी तो बोलला नाही. तो वाट बघत होता. माणसाच्या हातून काही झालं तर तो जुडी घेऊन येतो, चटईवर बसतो, सांगतो. आलेल्याला हाकलत नाहीत. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. एपेली रस्त्याने जायचा, बिसुन शेडमधून "बुला, एपेली!" असा नमस्कार घालायचा, एपेली मान हलवायचा. उंचीवरून काही बोलायचा नाही. बिसुनने मला सांगितलं, "तब्येत बरी नाही वाटतं त्याची." सहा आठवडे त्याने वाट बघितली.

मग एका सकाळी पुतण्या ती निळी गाडी चालवत शेडपाशी घेऊन आला. मी तिथेच होतो, माझी गाडी कामाला होती. एपेली उतरला. सुभागने चहा आणला, त्याने कप घेतला आणि बाजूला ठेवला.

"मिस्टर बिसुन," तो म्हणाला.

बावीस वर्षांत त्याने बिसुनला कधी मिस्टर म्हटलं नव्हतं. सुभागच्या हातातली किटली थांबली.

"इथे एक ओरखडा होता."

बिसुनने माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाला, "हो."

"तू काढलास."

"माझा पत्रा लागला होता, एपेली. रविवारी. मी दोन्ही काढले. चांगलं व्हावं म्हणून."

"तुझा ओरखडा तू काढलास, तो तुझा होता," एपेली म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "दुसरा माझ्या बायकोचा होता. तो तू का काढलास?" आणि त्याने ती सगळी हकीकत सांगितली, आकडा, खेकडे, मिठी. बिसुन ऐकत होता आणि त्याचा तो उजवा अंगठा दुसऱ्या हाताने घट्ट धरून बसला होता.

एपेलीने गाडीतून एक लोखंडी आकडा काढला. गंजलेला, तारेची मूठ. तो बिसुनच्या हातात दिला.

"परत आण."

"काय?"

"तू रंगाचा एवढा जाणता आहेस. सगळे म्हणतात ऊनसुद्धा कालवतोस. तो परत आण."

मी म्हणालो, "एपेली, अहो, हे असं कसं..." त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

बिसुन उठला. तो ओरखडा त्याला पाठ होता, कुठे वाकडा, कुठे दोन फाटे, वर्षभर त्याने तो डोळ्यांनीच दुरुस्त केला होता. आकडा दरवाजाला टेकवला. मनगट दुसऱ्या हाताने धरलं, आणि ओढला. तो आवाज आला. सुभागने पदर तोंडाला लावला.

हुबेहूब होता. शपथेवर सांगतो, लांबी तीच, वाकडेपणा तोच, फाटे तेच. एपेली वाकला, अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत होता.

"तिने असा जपून नव्हता मारला," तो म्हणाला.

आणि गाडीत बसला. बसल्यावर काच खाली केली. "नाताळपर्यंत जागा मोकळी कर," म्हणाला, "माझा शब्द संपला."

त्या दुपारी आम्ही धावपळ केली. जुडी नाही, आता जुडीने भागणार नव्हतं. बिसुनने पंडिताकडून, दुकानदाराकडून, माझ्याकडून उसने घेतले आणि एक तांबुआ मिळवला, देवमाशाचा दात, दोरी लावलेला. मोठ्या गुन्ह्याची माफी त्याने मागतात. मी पुढे बसलो, तो दात दोन्ही हातांत धरून बोललो, जे जे बोलायचं ते सगळं. सल्ला माझा होता हेही सांगितलं. एपेलीच्या भावांनी मान डोलवली. एकाच्या डोळ्यांत पाणी होतं. एपेलीने हात पुढे करून तो दात घेतला असता की संपलं असतं. 

त्याचे हात मांडीवरच राहिले.

"शिवचरण," तो मला म्हणाला, "सहा आठवड्यांपूर्वी नुसती सुपारी आणली असतीस तरी घेतली असती. तुम्ही लोक वाट बघता, की दिसतंय का. आम्ही वाट बघतो, की येताय का."

मला राग आला. खरं सांगतो, अजून येतो. बावीस वर्षं ज्याच्या सुखदुःखाला माणूस गेला, ज्याच्या बायकोच्या कबरीवर माती टाकायला उभा राहिला, त्याने त्याच माणसाला एका ओरखड्यासाठी उठवायचं? कुळातल्या लोकांनीही एपेलीला सांगून बघितलं म्हणतात. पण जमिनीचा शब्द त्याचा होता. आणि रागाच्या भरात मी बिसुनला म्हणालो, "तुला तो जुना काढायला कुणी सांगितलं होतं?" तो म्हणाला, "कुणी नाही, भैया. असू दे म्हणाला होता. मलाच ऐकू आलं नाही."

डिसेंबरात घर मोडलं. आणि ऐका, मोडायला कोण आलं? नाइवीचेच दहा-बारा जण, एपेलीचा पुतण्या सगळ्यांत पुढे. खिळे उपसले, पत्रे उतरवले, एकही वाकवला नाही. त्यांच्या बायकांनी कसावा आणि मासे उकडून आणले. सगळ्यांनी जेवायला बसवलं, हसवायचाही प्रयत्न केला. सुभाग म्हणाली, "दगड मारले असते तर बरं होतं, घास गिळताना त्रास झाला नसता." एपेली घरातून बाहेर आला नाही.

बिसुन शहरात एका खोलीत गेला, मोठ्या गॅरेजात नोकरीला लागला. तिथे ओरखडा काढायची मनाई. गिऱ्हाईक आलं की दरवाजा रंगवायचा, नाहीतर बदलायचा. एकदा मी माझी टॅक्सी घेऊन मुद्दाम गेलो, उसाचा ओरखडा होता, उथळ, अर्ध्या तासाचं काम. काउंटरवरच्या मुलीने अख्ख्या बाजूचा खर्च लिहून दिला. बिसुन मागे उभा होता, निळा डगला, तोंडाला जाळी. मी बोटाने दाखवलं, बघ की. तो आला, वाकला, हात पुढे केला. अंगठ्याचं नख कापलेलं होतं, तिथल्या नियमाने. त्याने हात मागे घेतला.

"ती सांगते तेवढंच होईल, भैया," म्हणाला. वर्षभरात सिडनीला मुलीकडे गेले दोघं. तिकडून एकदाच फोन आला. गाडी धुण्याच्या ठिकाणी काम करतो म्हणाला. आवाज लांबून येत होता, की त्याने तोंड बाजूला केलं होतं, कळलं नाही.

आंब्याखालच्या जागेवर कुणी काही केलं नाही. कुणाला गरज असती, कुणी घर बांधलं असतं, तर मला एवढं लागलं नसतं. गवत वाढलंय, बाकी काही नाही.

गेल्या वर्षी एपेली गेला. मी अंत्यविधीला गेलो, चटई घेऊन, तांदूळ घेऊन, रीत म्हणून. विलिकेसा आला होता, फौज सोडून, पोट सुटलेलं. दहा दिवसांनी तो ती निळी गाडी घेऊन माझ्या दारात उभा. गाडी विकायची म्हणाला, बा नावाच्या गावातलं एक गिऱ्हाईक आहे, पण मागच्या दरवाजाचा ओरखडा बघून भाव पाडतंय.

मी म्हणालो, "तो तुझ्या आईचा, विकी."

"आईचा? तो तर वर होता जरासा," तो वाकून बघत म्हणाला. "आणि एवढा नीट नव्हता. जाऊ दे. काका, इथे रस्त्यावर एक माणूस होता ना, स्वस्तात काढून द्यायचा? बुटका. बाबा त्याची फार थट्टा करायचे. तो कुठे बसतो हल्ली?"

मी म्हणालो, "बसत नाही तो आता."

"अरेरे," विलिकेसा म्हणाला. "मग गॅरेजातच टाकावी लागेल. दरवाजाच बदलून घेतो."